पट्टीचं दुसरं टोक

आमच्या धाकट्या जाऊबाईंना अख्खं हॉस्पिटल 'इस्त्री' म्हणतं. काम तेच आणि स्वभावही तसाच, टेकलं की चटका. मी म्हटलं की मात्र फुगते. फुगू दे बापडी, शोभतं तिला.

मिशनच्या हॉस्पिटलात मी झाडलोटीला, ती धुण्या-इस्त्रीच्या खोलीत. जखमांच्या पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या आणि दुपारी मागच्या व्हरांड्यात गुंडाळायच्या. लांब पट्टी एकटीला घट्ट गुंडाळता येत नाही. एकीनं टोक ताणून धरायचं, दुसरीनं गुंडाळत गुंडाळत जवळ यायचं. आणि गुंडाळायला कोण, तर खुद्द डॉक्टरीणबाई! दूरदेशाहून येशूचं नाव सांगायला आलेल्या, पण तोंडापेक्षा हातानंच जास्त सांगायच्या. दर पट्टीला एका माणसाचं नाव घेऊन पुटपुटायच्या, "प्रभू, वॉचमनची बाटली सोडव. प्रभू, स्वयंपाकीणबाईच्या गुडघ्याकडे बघ." टोक धरून आमची इस्त्री उभी. वर्षानुवर्षं कान टवकारून, आपलं नाव कधी येतंय म्हणून. आलंच नाही.

बाई तापानं गेल्या. माती देऊन आम्ही व्हरांड्यात रडत बसलो होतो, तेवढ्यात स्वयंपाकीणबाईनं गळा काढला, "माझं नाव रोज घ्यायच्या गं! खिडकीतून मी रोज ऐकायचे!"

इस्त्रीचं रडणं तिथल्या तिथे आटलं.

"रोज म्हणे!" घरी येताना ती धुसफुसली. "रोज गुडघा कुरवाळत बसायची, म्हणून रोज. काय आहे हो ताई तिच्यात? सूप तर पाणचट!"

"अगं, बाईंना जाऊन एक दिवस नाही झाला."

"मग? मी काय त्यांना नावं ठेवतेय?"

रविवारी ती चर्चला आलीच नाही. मी म्हटलं, "आता देवाशीही अबोला का?"

"ज्या देवाला माझं नाव कुणी सांगितलंच नाही, त्याच्यापुढे बिनओळखीची जाऊन बसू होय?"

मला हसू आलं होतं, पण तिच्याकडे बघितलं आणि गिळलं.

पट्ट्या काही कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाहीत. आता ती गुंडाळायला आणि टोक धरायला मी. पण तिची गुंडाळी सैल पडायची, हातातून सुटायची.

"नाव घेतल्याशिवाय हाताला लय येत नाही," ती करवादली.

"मग घे की."

"एकच येतंय तोंडात. त्या बयेचं!"

"तेच घे."

तिनं दात-ओठ खात सुरुवात केली, "प्रभू, तिचा गुडघा... अजून जरा दुखू दे." मी इतकी हसले की टोकच सुटलं. पण खरं सांगू? गुंडाळी घट्ट बसली. दुसऱ्या दिवशी 'दुखू दे' गळालं. मग एकदा म्हणाली, "प्रभू, बरा कर तो गुडघा एकदाचा, म्हणजे माझ्यामागची कटकट जाईल!" मी कानाडोळा केला. पण मला सुचायचं ते सुचलं. कंबर धरल्याचं सोंग केलं, स्वयंपाकीणबाईला माझ्या जागी धाडलं आणि मी खिडकीआड.

स्वयंपाकीणबाई लंगडत आली, टोक धरून उभी राहिली. इस्त्री गुंडाळायला लागली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"अडलीस का? नाव घे ना कुणाचं," स्वयंपाकीणबाई म्हणाली.

"तुझंच यायला लागलंय."

"माझं? अगं, मी ही इथे ढळढळीत उभी! समोरच्या माणसाचं काय नाव घ्यायचं? जो तिथे नसतो, त्याचं घेतात."

इस्त्रीचे हात थांबले. ती स्वयंपाकीणबाईच्या चिमटीतल्या टोकाकडे बघत राहिली. बाईंसमोर रोज ती स्वतःच उभी असायची ना तिथे! गुंडाळी हातातून घरंगळत व्हरांडाभर उलगडली आणि ही मटकन खाली बसली. माती दिल्याच्या दिवशी आटलेलं सगळं रडणं तेव्हा आलं.

"मेले, मी काय वाईट बोलले?" स्वयंपाकीणबाई घाबरलीच.

रविवारी इस्त्री माझ्याआधी चर्चच्या बाकावर. ओळखीच्या घरी गेल्यासारखी ऐसपैस! दुपारच्या पट्ट्यांना आता त्या दोघी असतात, गुडघ्यासाठी स्टूलसुद्धा हिनंच आणून ठेवलंय. शहाणी झाली म्हणाल, तर छे! परवाच स्वयंपाकीणबाई पुन्हा म्हणाली, "माझं नाव रोज घ्यायच्या हो बाई."

आमची इस्त्री मान न वळवता म्हणाली, "घ्यायच्या की. तू खिडकीतून ऐकायचीस. टोक माझ्या हातात असायचं."