विमान उतरेपर्यंत केरसुणी बंद

विमानप्रवासाविषयी आमच्या थोरल्या मामांइतक्या अधिकारानं बोलणारा माणूस अख्ख्या पुंडलिकनगरात दुसरा नाही, आणि मामा आजवर एकदाही विमानात बसलेले नाहीत. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाला सोळा तास, हे ते स्वतःचं नाव सांगावं तसं सांगतात. लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या पाहुण्याला आधी गाव विचारतात. तो बिचारा "फुलंब्री" म्हणाला, की त्याच्या पुढ्यातला भात गार होईतो त्याला न्यूयॉर्कला नेऊन सोडतात.

या विद्वत्तेचं मूळ मामींच्या केरसुणीत आहे. घरचं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही मामींनी गावाकडून, देवगाव रंगारीहून, बरोबर आणलेली रीत. त्यांचा एकुलता एक गणेश पुण्यात शिकत होता तोवर निभावलं. सकाळी एसटीत बसवला की दुपारी केरसुणी फिरायची. तो अमेरिकेत नोकरीला लागला आणि घराचा पार उकिरडा व्हायला लागला. मामी पदर खोचून सारख्या विचारायच्या, "आवो, पोचलं का पोरगं?" मामा भिंतीवरच्या नकाशावर सुतळी ताणून म्हणायचे, "आत्ता कुठं इराण लागलं. दम धर की जरा!"

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, गणेशच्याही आधीचा, तेव्हा गप्प बसणं मला शोभलं नसतं. म्हणालो, "मामा, पृथ्वी गोल आहे. विमान पार उत्तरेकडून वळून जातं. नकाशावर सुतळी लावून काय उपयोग?"

"तुझी पृथ्वी असंल गोल. आमचा गणेश सरळ जाणारा हाय." वर त्यांनी वाटेतल्या चहापाण्याचा वेळही धरला. मी हसलो, तर म्हणाले, "का? ड्रायव्हर माणूस नाय व्हय?"

मागच्या दिवाळीत, पाच वर्षांनी, गणेश बायको-लेकीला घेऊन आला. निघायच्या दिवशी पोरीनं चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि मुरमुरे घरभर उधळले. ते परत गेल्यावर दोन दिवसांनी मी मामांकडं गेलो, तर मुरमुरे जागच्या जागी. मामी केरसुणी घेऊन उभ्या, आणि मामा त्यांच्या आडवे.

"समोरून वारं असलं की उशीर व्हतो," मामा म्हणत होते. "अजून समुद्रावरच असंल."

मला राहवेना. "मामा, कालच पोचला तो. मला मेसेज आलाय."

"मलाबी आलाय." मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "लई शहाणा हायेस. पण एकदा घर झाडलं, की गेलाच म्हणायचा तो."

मामींनी केरसुणी दाराआड ठेवली. मीही चपला काढल्या, मुरमुऱ्यांवर पाय पडू न देता नकाशापाशी गेलो आणि सुतळीचं एक टोक धरलं.

"मग मामा, विमान कुठवर गेलं म्हणायचं?"

मामांनी दुसरं टोक मुंबईवर दाबून धरलं.

"आत्ता कुठं इराण लागलं."