आंब्यावरच्या गिनी

गिनी कोंबड्यांची अंडी मी पेणहून आणली. मागच्या पावसाळ्यात परसात दोनदा घोणस निघाली होती, आणि साप दिसला की गिनी ओरडून गाव गोळा करते असं कंपनीतला एक जण शपथेवर सांगत होता. घरी आमची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती. ती बायकोची. कासूला तिचं माहेर. तिथून तिने ती पिल्लू असताना पिशवीत घालून आमच्या निडी स्टेशनापर्यंत गाडीने आणलेली. गिनीच्या अंड्यांना आठवडा जास्त लागतो, म्हणून आधी ती तिच्याखाली ठेवली आणि आठवड्याने कोंबडीची चार. सगळी एकदमच फुटली. तांबडीने आपलं-परकं केलं नाही.

दोन महिने सगळी खुराड्यापुढच्या जाळीत वाढली. कोंबडीची पिल्लं जमिनीवरच खूश होती. गिनींना मात्र उंचीची हौस. जिथे म्हणून उडून बसता येईल तिथे त्या बसायच्या. त्यांना मोकळं सोडायचा दिवस मी ठरवला आणि तिथेच माती खाल्ली.

आमच्याकडे भात निघालं की त्याच शेतात वाल पेरतात. वाल उगवत असताना एकाची कोंबडी दुसऱ्याच्या शेतात शिरली, तर भांडणाला मुहूर्त बघावा लागत नाही. म्हणून त्या दिवसांत कोंबड्यांना आधी पोटभर चारायचं आणि मगच सोडायचं, हा इथला रिवाज. मीही सगळ्यांना दाबून कण्या चारल्या आणि दिवस मावळायच्या तासभर आधी जाळी उघडली. नवख्या पाखरांना पहिल्यांदा उपाशीच सोडावं लागतं, म्हणजे दाण्याच्या आशेने ती परत येतात, हे मला नंतर कळलं. शहाणपण माझ्याकडे नेहमी शेवटच्या गाडीने येतं.

दिवेलागणीला कोंबडीची पिल्लं सवयीने खुराड्यात शिरली. गिनींनी बांधावरच्या आंब्याची फांदी गाठली. मी डबा वाजवला, तीऽ तीऽ करून घसा कोरडा केला. त्या वरून नुसत्या बघत राहिल्या. तांबडी आंब्याखाली उभी राहून त्यांना बोलवत होती आणि जागची हलायला तयार नव्हती.

"अवो, मी तिला आत घेते," बायको म्हणाली. "रानमांजर फिरतंय हल्ली."

"थांब गो जरा. तिच्या हाकेने उतरतील."

"नाय उतरायची. पोटं भरलीत त्यांची."

मी ऐकलं नाही. मला गिनी हव्या होत्या, आणि त्यांना खाली आणायला तांबडीशिवाय दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. बायको स्वयंपाकाला गेली. थोड्या वेळाने दिसेनासं झालं, तसा मी टॉर्च आणायला घरात गेलो. तेवढ्यात आंब्यावर गिनींनी एकच कालवा केला. आम्ही दोघं धावलो. खाली तांबडी पिसं पडली होती. वर गिनी सगळ्या शाबूत होत्या.

सकाळी मी डबा हातात घ्यायच्या आतच त्या भुकेने खाली उतरल्या आणि थेट अंगणात आल्या. त्यांना बोलवायला कोणी लागलंच नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

बायकोने खुराडं उघडलं. चारही पिल्लं बाहेर आली, आईला शोधत अंगणभर फिरली आणि मग गिनींच्या मागे लागली. तिने सगळ्यांपुढे सारख्याच कण्या टाकल्या. मी बाजूला उभा होतो.

"गिनी तुमच्या हायत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कोंबडी माझी व्हती."

कण्यांचा डबा माझ्या हातात देऊन ती आत गेली.