दसऱ्याला लाल गाडी कुणाच्या दारात

भुजंग मला पहिल्यांदा दिसला तो एका वरातीत. लातूरला आमच्या गल्लीतून वरात चालली होती. नवरदेव उघड्या टपाच्या, दोनच सीटच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये बसला होता. सफारी घातलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत ग्रीसचे डाग पडलेल्या शर्टातला एक माणूस बॉनेटवर तळहात ठेवून गाडीच्या चालीनं चालत होता. लोक फुलं उधळत होते आणि हा बॉनेटच्या फटीत अडकलेल्या पाकळ्या वेचून काढत होता. चौकात पोरं नाचायला लागली तसा तो ड्रायव्हरला म्हणाला, "बंद कर. तापून राहिली ती."

नवरदेवाच्या मामानं विचारलं, "तुम्ही मुलीकडचे का?"

"न्हाई. गाडीकडचा."

गाडी त्याची नव्हती. ती निलंग्याच्या अमृतरावांची. आडतीचं दुकान असलेला हौशी माणूस. गाडी नवी होती तेव्हा घेतली, पुढं तसल्या गाड्या निघायच्याच बंद झाल्या, तरी त्यांनी ती विकली नाही. सोयऱ्याधायऱ्यांच्या लग्नाला मात्र खुशाल द्यायचे. भुजंगचं गॅरेज माझ्या घरामागच्या रस्त्यावर. निवृत्तीनंतर माझी जुनी स्कूटर त्याच्याकडे वरचेवर जायची, त्यामुळे मी त्याला जवळून पाहिलं. हात चांगला, बोलणं तुसडं, आणि लाल गाडीच्या बाबतीत कुणावरही विश्वास नाही. खुद्द मालकावरही नाही.

"काल कुणी धुतली ही? पाणी कुठं कुठं मारलं?"

"अरे, माझीच गाडी आहे ना?" अमृतराव हसायचे.

"हाव मालक. पण पाणी कुठं मारलं ते सांगा."

त्याची बायको सुकन्या मला म्हणायची, "बाई, मला सवत लाल रंगाची मिळाली. तिला खोकला आला की ह्यांना जेवण जात न्हाई."

आमच्याकडे दसऱ्याला गॅरेजवाले पाने, हातोडे, जॅक ओळीनं मांडून त्यांची पूजा करतात, आणि ज्याची त्याची गिऱ्हाईकं आपली गाडी आपल्या मिस्त्रीच्या दारात आणून उभी करतात. पहिला हार कोणत्या गाडीला पडतो, यावर त्या मिस्त्रीची पत ठरते. भुजंगच्या दारात पहिला हार कित्येक वर्षं लाल गाडीचाच. त्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्यांनी बघावं म्हणून गाडी जरा बाहेरच उभी करायचा.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ती एका वरातीत गेली आणि नेमका त्या दिवशी भुजंग पुतणीच्या हळदीला गेलेला. डीजेच्या आवाजात इंजिनाची खडखड कुणाला ऐकू आली नाही. ऐकू आली तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती. भुजंगनं इंजिन खोललं तर आत तडा गेलेला.

"दुसरं इंजिन बसवू," अमृतराव म्हणाले. "मिळतं म्हणतात, अपघातातल्या गाडीचं."

"हिच्यात दुसरं बसत न्हाई मालक. बसवलं तर मग ती ही गाडी राहत न्हाई."

त्यानं इंजिन बाहेर काढून ठेवलं आणि जुन्याच इंजिनाचे सुटे भाग शोधत राहिला. सोलापूर झालं, हैदराबाद झालं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, गाडी ताडपत्रीखाली. शेवटी अमृतरावांना कुणीतरी सांगितलं, नांदेडला बसवंत म्हणून एकजण आहे, दुसरं इंजिन बसवून देतो.

बसवंत चाकूरचा. भुजंगच्याच हाताखाली शिकून नांदेडला गेलेला.  नांदेडचा ट्रक आला तेव्हा गाडी भुजंगनंच वर चढवली, दोर त्यानंच बांधले, आणि ट्रक वळणाआड गेल्यावर सुकन्याला म्हणाला, "बसवू दे. बघू की."

त्यानंतर नांदेडला त्याची कामं निघायला लागली. आज बेअरिंग आणायचंय, उद्या कुणाला तरी भेटायचंय. माझी धाकटी बहीण नांदेडला असते, म्हणून एकदा आम्ही एकाच एसटीनं गेलो. बस स्टँडवर उतरल्यावर तो म्हणाला, "बाई, जाता जाता बसवंताकडं डोकावू," आणि एकही बेअरिंगचं दुकान न बघता सरळ तिथंच गेला.

"या या उस्ताद!" बसवंतनं खुर्ची पुसून दिली, मला नमस्कार केला, चहा सांगितला. भुजंग बसला नाही. इंजिन साखळीला टांगलेलं होतं. तो त्याच्याभोवती फिरला, वाकला, इंजिन जिथं टेकणार ते नवे ब्रॅकेट बोटांनी चाचपले.

"वेल्डिंग कुणी मारलं?"

"मीच, उस्ताद."

"आणि माप?"

"पुठ्ठ्याचं करून आधी बसवून बघितलं. तुम्हीच शिकवलं होतं."

"बरं हाय," भुजंग म्हणाला, आणि चहा अर्धा ठेवून उठला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, कसं वाटलं काम? तो खिडकीबाहेर बघत होता. "लई बारकाईनं बघितलं, बाई. एक बी चूक न्हाई." गावाकडची वाईट बातमी सांगावी तसा त्याचा आवाज होता. लोहा गाव मागं पडल्यावर तो पुन्हा बोलला, "सीटवर चादर टाकली त्यानं. धुतलेली. मी खताचं पोतं टाकायचो."

मत्सर लपवण्याचं कसब भुजंगकडे कधीच नव्हतं.

दसरा जवळ आला. मी स्कूटर घेऊन गॅरेजमध्ये बसले होते आणि बसवंतचा फोन आला. भुजंगचे हात तेलाचे, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर लावला.

"उस्ताद, इंजिन झ्याक चालू झालं. पण रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्स खालून दणका देऊन राहिला. समजंना. मालक म्हणतात, दसऱ्याच्या आत झालं तर बरं, न्हाईतर गाडी परत लातूरला नेतो. तुम्हाला काही आठवतंय का?"

भुजंगनं कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनाकडे पाहिलं. "मला काय म्हाईत. माझ्याकडं होती तवा देत नव्हती." फोन बंद.

सुकन्या चहा घेऊन दारात उभी होती. "ती लोखंडी पट्टी त्या इंजिनाखालीच पडलीय ना? गिअरबॉक्सला आधाराला तुम्हीच कापून लावली होती."

"असू दे."

"काम अडलं की गाडी इकडं येईल. हेच ना?"

"बाई बसल्यात हितं."

"बाईंना बी दिसून राहिलंय."

मी स्कूटरची किल्ली पर्समध्ये शोधत राहिले.

दोन-तीन दिवस त्यानं पट्टीला हात लावला नाही. पण सुकन्या सांगत होती, जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "तो रोज रिव्हर्स टाकून बघत असंल. रोज दणका बसत असंल तिला." सोमवारी गॅरेज बंद असतं. त्या सोमवारी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून तो नांदेडच्या बसमध्ये बसला.

पुढचं मला बसवंतनं सांगितलं. पट्टी बघून तो आनंदानं हात पुढं करायला गेला, तर भुजंगनं ती पाठीमागं धरली. "दे म्हणायचं न्हाई. मीच लावणार. तू बत्ती धर." मग पूर्वीसारखा बसवंत बत्ती धरून उकिडवा बसला आणि उस्ताद गाडीखाली गेले. पट्टी बसली. बसवंतनं रिव्हर्स टाकून बघितला. दणका नाही, आवाज नाही.

अमृतराव निलंग्याहून तेवढ्यात येऊन पोचले होते. त्यांनी स्वतः गाडी अंगणात मागंपुढं घेतली, पुन्हा जागेवर लावली आणि खूश होऊन उतरले. गाडी थांबताच भुजंग शेवटचा नट बघतो म्हणून परत खाली गेला, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"बसवंत, यंदा दसऱ्याला गाडी तुझ्याच दारात. ज्यानं इंजिन बसवलं त्याचा मान."

गाडीखालून फक्त दोन पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

"उस्ताद, बाहेर या की," बसवंत म्हणाला. "झालं न्हवं?"

"नट आवळून राहिलो."

"बाई, नट मघाच आवळलेला होता," बसवंतनं मला सांगितलं. "तरी मी बत्ती धरून बसलो."

दसऱ्याच्या सकाळी त्यानं उस्तादांना फोन केला. "या तुम्ही. नारळ तुमच्या हातानं फुटू द्या."

"माझ्या दारात बी गिऱ्हाईकं हायती," भुजंग म्हणाला. "इंजिन तुझं, नारळ तूच फोड." त्या दिवशी त्यानं कामाचाच शर्ट घातला होता. पहिला हार चाकूरच्या एका दूधवाल्याच्या टेम्पोला पडला.

आता सर्व्हिसिंगला निलंग्याहून नांदेडला जाताना लाल गाडी लातूरवरूनच जाते. नव्या इंजिनाचा आवाज जरा बारीक आहे. मला तो ओळखू येत नाही. भुजंग मात्र हातातलं काम थांबवतो, आवाज लांब जाईपर्यंत मान वर करत नाही, आणि नंतर कुणावर तरी खेकसतो.

हल्ली त्याच्याकडे बहुतेक दुधाचे टेम्पो आणि शाळेच्या व्हॅन येतात.