सड्यावर खाल्लेली बोलणी

आमच्या घरातली पहिली पदवी माझी आणि पहिली मोटारही माझीच, हे मी कुणी न विचारताही सांगते. तेव्हा मे महिन्यात आई-बाबांना बसवून जबलपूरहून थेट कोकणात गाडी मीच नेली.

बाबांचा सारा जन्म जबलपूरच्या अधारताल भागात गेला. तिथे ते सगळ्यांचे 'मराठी भैया'. त्यामुळे महाराष्ट्रात शिरल्यापासून त्यांना एकच हौस: कुणीतरी आपल्याशी मराठीत बोलावं. पण गाडीची नंबर प्लेट एमपीची. बाबा विचारत, "घाट किती दूर आहे, भैया?" समोरचा सांगे, "बस, पंद्रह किलोमीटर, अंकल." चहावाला हिंदी, पंपवाला हिंदी.

"काहून असं करून राहिले हे लोक?" बाबा वैतागले.

"आधी ते भैया सोडा," आई म्हणाली.

पुढच्या टपरीवर बाबा ठासून "दादा" म्हणाले. उत्तर आलं, "हाँ जी, बोलिए." आईला हसून हसून उचकी लागली.

घाट उतरलो, खाडीचा पूल ओलांडला आणि पुन्हा चढून सड्यावर आलो. उघड्या कातळाचं पठार, एकच कौलारू घर, आणि काठाशी एकदम खाली समुद्र. मला उगीचच हॉर्न वाजवावासा वाटला. वाजवलाही, तीनदा.

गाडी मागे घेताना बाबा खाली उतरून कारखान्यातल्या नोकरीच्या सवयीने हात हलवत होते, "आने दो, आने दो." मी आणली. चाक थेट चटईवर वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर.

घरातून एक बाई पदर खोचत आली.

"डोळे खंय ठेवल्यात? एवढो सडो मोकळो पडलो आसा, आणि तुमका माझीच सोलां गावली?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. बाबांनी हातानेच मला गप्प केलं. माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा त्यांचा चेहरा एवढा फुलला नव्हता.

"चुकलं, बाई. मी पाहूनच नव्हतो राहिलो."

"बघूक नको? म्हातारे झालात ना?"

"झालो, झालो." बाबा उकिडवे बसून सोलं वेचू लागले. "मीठ लावता काय याला?"

त्यावर ती आणखी भडकली, आणि भडकत भडकत रसात किती वेळा बुडवायचं, किती दिवस वाळवायचं, सगळं सांगत सुटली. बाबांची बोटं लाल झाली.

"अहो, समुद्र तरी पहा," आई म्हणाली.

"थांब जरा. बाई बोलून राहिल्या ना."