जी बाई कधीच दिसायला नको होती

वसुधा अक्का गेल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती त्यांच्या मालिकेवरून काढलेल्या त्या चित्रपटाच्या पोस्टरवरून. ऑफिसची कॅब व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि बंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी ते पोस्टर टाकलं होतं. समुद्रकिनारा, रंगीत छत्री, तिच्याखाली दात दाखवणारा नट, आणि वर कोपऱ्यात अक्कांचा छोटासा गोल फोटो. आधी वाटलं, चित्रपट टीव्हीवर लागणार असेल. मग त्याच्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली... रडू फुटायच्या आधी मला राग आला. महिना उलटून गेला, तो अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, आता शांत हो. पण शांत होण्यासाठी मी हे लिहीत नाहीये.

अक्का मूळच्या बेळगावकडच्या. लग्न होऊन बंगळुरूत येलहंक्याला आल्या आणि तिथल्याच झाल्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. माणूस समोर नसताना नुसत्या आवाजावरून कसा ओळखायचा, ते तिथे शिकले, असं म्हणायच्या. मी नागपूरहून नोकरीसाठी आले तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या टँकरवाल्याशी मी फोनवर हिंदीत कडाकडा भांडत होते. फोन ठेवला तर जिन्यात अक्का उभ्या.

"तुला भांडता छान येतं ग. मला एक भाडेकरू पाहिजे."

"मी आहेच की तुमची भाडेकरू."

"ते नव्हे. नाटकातली."

मंडळाच्या सामानाच्या खोलीत दर शनिवारी दुपारी अक्का एक विनोदी मालिका चित्रित करून इंटरनेटवर टाकत असत. एका अपार्टमेंटचं ऑफिस, एवढीच जागा. सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले रमाकांतकाका, खजिनदार म्हणजे अक्कांचे यजमान श्रीनिवास अण्णा, आणि रोज तक्रार घेऊन येणारी भाडेकरू म्हणजे मी. लिफ्ट कायम बंद. सेक्रेटरीला राजीनामा द्यायचा असतो पण खुर्ची सोडवत नाही, खजिनदाराला सेक्रेटरी सोसवत नाही, आणि भाडेकरूला दुसरं घर परवडत नाही. तिघंही अडकलेले. आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई. त्या एकाही भागात दिसल्या नाहीत. त्या फक्त वरून पाण्याचा पाइप ठोकायच्या, आणि ते ठक ठक ऐकलं की आमची तिघांची वाचा बसायची. दाराआड उभं राहून तो पाइप अक्का स्वतः पळीनं ठोकायच्या. पाहणारे आम्हाला विचारत, त्या बाई कशा आहेत हो दिसायला? प्रत्येकाच्या मनात वेगळी बाई होती. कुणाची सासू, कुणाची मुख्याध्यापिका.

हे कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं. अक्कांनी जुना व्हिडिओ प्लेयर काढला. त्यांच्या दिरांनी लंडनहून आणलेल्या कॅसेट होत्या, एका फार जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या. एक खोली आणि एकमेकांना वैतागलेली तीन माणसं. मला अर्धं इंग्रजी कळेना, तरी हसून हसून पोट दुखलं. मग त्यांनी त्याच मालिकेवरून निघालेला चित्रपट लावला. तेच नट, तसेच कपडे. पण ती माणसं सहलीला गेली होती. समुद्र, बोट, पाठलाग. दहा मिनिटांत मी मोबाइल हातात घेतला.

"बघितलीस? कंटाळलीस की नाही?" अक्का टाळी वाजवून म्हणाल्या. "का ते सांग."

मी विचार करेपर्यंत त्यांनीच सांगितलं, अगदी आवेशानं. मालिका स्टुडिओत बसलेल्या लोकांसमोर व्हायची. नट वाक्य टाकून थांबायचा, हशा ओसरेपर्यंत नुसता बघत राहायचा, आणि त्या बघण्यात अर्धी गंमत असायची. चित्रपटात नट तसेच थांबतात, पण समोर कुणी नाही. तिथे नुसती पोकळी राहते. मालिकेचा भाग अर्ध्या तासाचा, शेवटी माणसं सुरुवातीला होती तिथेच. चित्रपटाला दीड तास भरायचा असतो, म्हणून कुणाचं तरी लग्न लावतात, कुणाला तरी श्रीमंत करतात. "आणि सगळ्यात वाईट काय, तर दार उघडतात," त्या म्हणाल्या. "अगं, बाहेर जाता येत नाही हाच तर विनोद आहे. त्यांना बोटीत बसवलंस तर राहिलं काय?" दुसऱ्या एका चित्रपटात त्याच मालिकेतली, आजवर फक्त बोलण्यात येणारी बायको पडद्यावर आणली होती. अक्कांनी ती कॅसेट मला दाखवलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "ती तुझ्या मनात आहे तशीच राहू दे की."

ही बाई... जिला हे सगळं इतकं स्वच्छ कळत होतं, तिनं आपल्या मालिकेच्या चित्रपटाला होकार दिला. का दिला, यावर मंडळात बरंच काही बोललं गेलं. प्रसिद्धी हवी होती म्हणे. खोटं आहे ते. निर्माता येलहंक्याच्या घरी आला तेव्हा मी तिथे होते. अक्का सरळ नाही म्हणाल्या होत्या. मग तो रमाकांतकाकांकडे वळून म्हणाला, "सेक्रेटरी तुम्हीच करायचा हं काका, तुमच्याशिवाय मजा नाही." काकांचं उभं आयुष्य बँकेत गेलं होतं आणि मोठ्या पडद्यावर दिसायची हौस त्यांनी कधी लपवली नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला की अक्कांनी तो पाहिला आणि मान खाली घातली. "सरी," कन्नडमध्ये 'ठीक आहे', एवढंच म्हणाल्या.

पुढे काय झालं? सेक्रेटरीचं काम मुंबईच्या एका नावाजलेल्या नटाला गेलं. काकांना वॉचमन केलं. एक सलाम, संवाद नाही. आणि काकांनी तो सलाम केला, कारण नाही म्हटलं तर अक्कांना वाईट वाटेल असं त्यांना वाटलं. अण्णांना आणि मला कुणी बोलावलंच नाही. चित्रपट लिहिताना अक्कांना विचारायचं ठरलं होतं. त्यांनी दोनदा फोन केला, तर "मॅडम, आता टीम बघतेय" असं उत्तर आलं.

पहिल्या खेळाला आम्ही चौघं मॉलमधल्या थिएटरात गेलो. पाचव्या मिनिटाला लिफ्ट चालू झाली, आत रंगीत दिव्यांसकट. मध्यंतराआधी सगळी सोसायटी परदेशी समुद्रकिनाऱ्यावर पोहोचली. आणि मग तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं. त्या बाई बाहेर आल्या. पंचविशीच्या, ओल्या साडीत, नाचत. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. मी अक्कांकडे पाहिलं. त्या पडद्याकडे पाहत नव्हत्या. काकांच्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या, कारण सलाम येऊन गेला होता आणि खुद्द काकांनाही तो नीट दिसला नव्हता. घरी जाताना गाडीत त्या एवढंच बोलल्या, "स्वल्प काच खाली कर ग." त्यानंतर त्यांनी एकही भाग लिहिला नाही. मी भांडले, विनवण्या केल्या. म्हणाल्या, "आता पाइप ठोकला की लोकांना तीच नाचणारी दिसणार. मी काय ठोकू?" काही महिन्यांनी, दुपारच्या झोपेतच, हृदय बंद पडून त्या गेल्या. चित्रपटानं त्यांचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना ते पटणार नाही. पण जगण्यातलं जे काही घ्यायचं ते त्यानं आधीच घेतलं होतं.

शोकसभेत मंडळाच्या अध्यक्षांनी पडदा लावला. "अक्कांच्या कार्याची एक झलक," असं म्हणून त्यांनी त्या ओल्या साडीतल्या नाचाचंच गाणं सुरू केलं. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. मी उठले, स्टेजवर गेले आणि लॅपटॉपची वायर उपटली.

"मॅडम, हे काय? अक्कांचंच तर काम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"हे त्यांचं नाही!" मागून रमाकांतकाका ओरडले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. "एक फ्रेमसुद्धा त्यांची नाही. माझ्या हौसेपायी त्यांनी सही केली, आणि मी सलाम ठोकून आलो. त्यांचं काय होतं ते दाखवतो, बसा." त्यांनी टेबल ओढलं, तीन खुर्च्या मांडल्या. अण्णा उठून खजिनदाराच्या जागी जाऊन बसले. आम्ही एक जुना भाग आठवेल तसा केला. लोक आधी बिचकले, मग हसले, मग मोकळेपणानं हसले. पाइप वाजायची जागा आली. दाराआड कुणी नव्हतं. आम्ही तिघंही सवयीनं गप्प होऊन वर पाहू लागलो... आणि सगळं सभागृह वर पाहू लागलं.

मला वाटलं होतं, निदान आता तरी लाज वाटेल. मागच्या आठवड्यात मी अण्णांकडे असताना निर्मात्याचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला. "दुसरा भाग काढायचाय. अक्कांना ट्रिब्यूट म्हणून. तुमची परवानगी हवी होती." अण्णा उभ्या आयुष्यात कुणाला टाकून बोललेले नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेडा."

"काय म्हणालात?"

"कन्नडमध्ये नको म्हणालो. मराठीतही नकोच." आणि फोन ठेवला.

मग मला म्हणाले, शनिवारी दुपारी ये, रमाकांतलाही सांग. मी म्हटलं, "अण्णा, पण लिहिणारं कोण आहे आता?"

"कुणी नाही. बसू तरी."

गेल्या शनिवारी आम्ही अक्कांच्या पुढच्या खोलीत बसलो. काकांनी त्या निर्मात्याला आधी मराठीत शिव्या घातल्या, त्या संपल्यावर कन्नडमध्ये सुरुवात केली, आणि त्याही संपल्यावर बँकेतल्या एका जुन्या साहेबाला ओढून आणलं, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. अण्णांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं. मी पाणी आणायला उठले, तर ते हसत होते. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच, डोळे पुसत, हातानं काकांना खूण करत... थांबू नको, चालू दे.