हुरडा आधी कोण खाणार?

गेल्या रविवारी आमच्या शेतात एक पेच पडला... गरम हुरडा ताटात, आणि खायला कुणीच तयार नाही.

नवीन लोकांसाठी सांगते. मी परंडा तालुक्यातली. गेल्या वर्षापासून दक्षिण कोरियातल्या एका लहान गावात, सरकारी शाळेत इंग्लिश शिकवते. सध्या तिकडे हिवाळ्याची सुट्टी आहे म्हणून घरी आलेय, आणि सोबत माझ्या शाळेतली मैत्रीण आलीय... यूजिन. ती तिसरीच्या वर्गाला शिकवते. आईनं पहिल्याच दिवशी तिचं 'उजू' करून टाकलं.

तिकडे दुपारचं जेवण सगळ्या शिक्षकांनी आणि मुलांनी कॅन्टीनमध्ये एकत्र घ्यायचं असतं. सुरुवातीला माझ्या शेजारची खुर्ची रोज रिकामी. मला वाटायचं, इंग्लिशची टीचर गोरी येईल असं यांनी धरलं होतं, त्यामुळे असेल... खरं कारण नंतर कळलं. माझ्या शेजारी बसलं तर इंग्लिश बोलावं लागेल, याची सगळ्यांना भीती!

त्यात मी मांस-मासे खात नाही, आणि तिकडे साध्या भाजीच्या सूपमध्येसुद्धा मासा निघतो. रोज रोज काय विचारायचं, म्हणून लाजून नुसता भात खायचे आणि उठायचे. एक दिवस यूजिन ट्रे घेऊन सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं इंग्लिश माझ्या कोरियनइतकंच... एकेका वाटीवर बोट ठेवून ती फक्त म्हणाली, "येस. नो. नो. येस." दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमधल्या मावशी माझ्यासाठी वेगळं अंडं काढून ठेवायला लागल्या. ते कुणी सांगितलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग हळूहळू तिच्यासोबत बाजारात जाणं सुरू झालं, तिच्या आईकडे जेवायला जाणं सुरू झालं. मला ताप आला तेव्हा ती दाराच्या हँडलला पेजेचा डबा अडकवून, बेल वाजवून निघून गेली. मला तापात बोलत बसावं लागू नये पण पेज गरम असताना मिळावी, असं काहीतरी तिचं गणित होतं.

हे सगळं मी घरी फोनवर सांगायचे... पण आईला. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, माझं जाणं पटलं नव्हतं. ते भांडले नाहीत, रागावले नाहीत. फक्त फोनवर आले नाहीत. मागून त्यांचा खोकला तेवढा ऐकू यायचा.

या वेळी घरी आले ते आणखी एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन. आईला सांगितलं होतं, म्हणजे दादांच्या कानावर गेलंच असणार. पण त्यांनी विषय काढला नाही, आणि माझीही हिंमत होत नव्हती.

तर रविवारी शेतात... दादांनी आगटी पेटवली. ज्वारीची कणसं भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून हिरवागार हुरडा यूजिनच्या पुढ्यात ठेवला. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. यूजिन मात्र मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

"तिला आवडंना वाटतं," आई हळूच म्हणाली.

"गार व्हायलंय. खा म्हणावं की," दादा.

मी यूजिनला विचारलं, तर ती कुजबुजली, "तुझे बाबा सगळ्यांत मोठे आहेत. त्यांनी घास घेतल्याशिवाय मी कशी खाऊ?"

मी दादांना सांगितलं. ते चक्रावलेच. "आन् पाव्हण्याच्या आधी म्या खाऊ व्हय?"

हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली... नाही. मी दादांकडं बघितलं. त्यांनीही मान हलवली... न्हाय!

शेवटी आईच ओरडली, "आवो, खावा की तुमी! पोरगी उपाशी बसंल हितं!"

मग दादांनी चिमूटभर हुरडा उचलून तोंडात टाकला... आमच्या घरात पाहुण्याच्या आधी पहिल्यांदाच. यूजिननं लगेच वाकून ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि खायला लागली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना.

दादा तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तिला इचार, शाळंत तुझ्याजवळ जेवाय बसती ती हीच का?"

हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं... म्हणजे फोनवरचं सगळं ते ऐकत होते.

"हीच, दादा."

"मग सांग तिला. आमची पोर लई बुजरी हाय म्हणावं. भूक लागली तरी मागायची न्हाय."

मी माझ्या मोडक्या कोरियनमध्ये माझ्याचबद्दलचं हे वाक्य कसंबसं पूर्ण केलं. यूजिननं ताटली खाली ठेवली. दादांकडं बघून अगदी सावकाश म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणून मी तिला विचारत नाही... वाढते."

आता हे मराठीत दादांना सांगायचं होतं. तीन वेळा सुरुवात केली, तेव्हा कुठं जमलं.

दादा बराच वेळ हातातलं कणीस चोळत राहिले. दाणे कधीच संपले होते. मग म्हणाले, "विमान कवा हाय तुमचं?"

"पुढच्या महिन्यात, दादा."

"बरं... तिकडं लई थंडी असती म्हणं. नीट ऱ्हावा दोघीबी."

दोघीबी! एवढं ऐकायला मी वर्षभर थांबले होते.

रोज वर्गात मुलांकडून वाक्यं घोकून घेते, चुका सुधारते... पण इतकी अवघड दोन वाक्यं मला आजवर कुणी भाषांतराला दिली नव्हती. दोन्हीकडं माझी काळजी करणारी माणसं, आणि मधे मी.

थँक यू, उजू. आणि दादा... तुम्ही फेसबुकवर नाही, पण आई वाचून दाखवेल.