आमच्या साइटवरची खारी रेती

बारा वर्षं साइट सुपरवायझर म्हणून काढली की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, धुळीने गेलेला घसा आणि किस्से. माणगावच्या नाक्यावर चहाला बसलो की मित्र म्हणतात, "सुधीर, काढ एखादा!" एक काढला की त्याच्यामागून चार येतात, आणि गंमत अशी की सगळे एकाच बिल्डिंगचे निघतात. श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमच्या शेठने बांधलेली ती तीन मजली! ऐकणारे हसतात. मीही हसायचो. हल्ली नाही हसवत.

*

पाया भरत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे मिस्त्री गणूमामा, साठीचे, दिवेआगरकडचे. रेतीचा डंपर आला की त्यांची एक पद्धत होती. चिमूटभर रेती उचलायची, जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. प्रयोगशाळा वगैरे नंतर, आधी मामांची जीभ!

त्या दिवशी मामा थुंकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, ही खारी हाय. ह्यात सळई गंजल, टिकायची न्हाय."

मी घाबरून शेठना फोन लावला. शेठ पनवेलचे, बोलणं निम्मं हिंदीत. मला वाटलं, डंपर परत पाठवतील. शेठ हसले. म्हणाले, "अरे यार, सी-फेसिंग प्रॉपर्टी है! थोडी खारट तो लगेगीच ना!"

त्याच संध्याकाळी ती रेती पायाच्या काँक्रीटमध्ये गेली. त्या दिवसापासून मामांनी जिभेवर रेती ठेवणंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "चव घेऊन करू काय? खायची थोडीच हाय मला!"

*

काँक्रीट ओतताना त्यातलाच थोडा माल काढून सहा इंचांचे चौकोनी ठोकळे करतात, ज्यांना आम्ही क्यूब म्हणतो. ते पाण्यात ठेवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनमध्ये दाबून बघायचे. ठोकळा जेवढा भार सोसेल, तेवढी स्लॅबची ताकद.

आमच्याकडे क्यूबचा माल वेगळा कालवला जायचा! एका कोपऱ्यात, घमेल्यात, दुप्पट सिमेंट घालून, लग्नाच्या जेवणात आचारी नवरदेवासाठी वेगळी भाजी करतो तसा. आणि शेजारी स्लॅबचा माल चाललेला असायचा पाण्यासारखा पातळ.

एकदा लॅबवाल्याचा फोन आला. "सुपरवायझर, तुमचे क्यूब फुटतच नाहीत हो! तुम्ही बिल्डिंग बांधताय की धरण?"

मी शेठना म्हटलं, "शेठ, संशय येतोय त्यांना." शेठ क्षणभरही अडखळले नाहीत. म्हणाले, "तीन क्यूब एक नंबर बनले, म्हणजे आपल्याला चांगलं काम येतं! हे प्रूव्ह झालं की नाही?"

मी रिपोर्ट फाइलला लावला.

*

तोवर फ्लॅट बुक करणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झाला होता. त्यात एक होत्या जाधव बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. निवृत्तीला मिळालेलं सगळं त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये घातलं होतं. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिल्या, आता स्वतःच्या घरात राहायचं एवढीच त्यांची इच्छा. मला त्यांनी चौथीत शिकवलेलं, त्यामुळे त्यांचा माझ्यावर भारी विश्वास.

शेठचा हुकूम होता, की ताज्या काँक्रीटवर रोज पाणी मारतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. आता टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. मग शेठनीच युक्ती काढली. एका सकाळी सात फोटो काढायचे आणि रोज एक सोडायचा. पाणी मारणाऱ्या गड्याने सात वेळा शर्ट बदलले. दोन शर्ट तर माझेच होते!

आठव्या दिवशी ग्रुपवर बाईंचा मेसेज आला. "काम उत्तम चालू आहे. फक्त एक शंका. त्या खांबाशेजारी झोपलेला कुत्रा सात दिवस त्याच जागी, त्याच कुशीवर आहे. त्याला डॉक्टरांना दाखवलंत का?"

मी हादरलोच. शेठचा मात्र लगेच फोन. "अगली बार कुत्ता हटाके फोटो निकाल!"

*

बाई राहायला आल्या त्या दिवशी त्यांना आपल्या दिवंगत मिस्टरांचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा होता. शिसवी चौकट, चांगलीच जड. गणूमामांनी लांब खिळा घेतला आणि दोन हातोडे मारले. तिसरा मारायच्या आत खिळा भसकन आत गेला. शेजारच्या फ्लॅटमधून कुणीतरी ओरडलं!

धावत गेलो. शेजारी शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे पाटणकर काका. त्यांच्या हॉलच्या भिंतीतून खिळ्याचं टोक बाहेर आलेलं. नकाशात ती भिंत सहा इंचाची होती. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून शेठनी ती चारवर आणलेली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. काका चष्म्यातून टोकाकडे बघत होते. म्हणाले, "राहू द्या हो. आम्ही कॅलेंडरला जागा शोधतच होतो."

सगळे हसले, बाईसुद्धा. मग जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि हळूच विचारलं, "सुधीर, घर चांगलं आहे ना रे?"

"एकदम, बाई!" मी म्हटलं. एवढं पटकन म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

*

त्याच सुमारास शेठनी स्वतःचा बंगला बांधायला काढला. मी आपला नेहमीप्रमाणे गेलो, कोपऱ्यात घमेलं मांडलं आणि गणूमामांना क्यूबसाठी स्पेशल माल कालवायला सांगितलं. शेठ गाडीतून उतरले ते थेट माझ्या अंगावर.

"हे काय करतोयस?"

"क्यूब, शेठ."

"स्लॅबच्या मालातून काढ! मला खरा रिपोर्ट पाहिजे. घरात माझी मुलं राहणार आहेत!"

मामांनी घमेलं खाली ठेवलं. शेठ वाकून रेतीचा ढीग बघत होते. मग मामांकडे वळून म्हणाले, "मामा, जरा जिभेला लावून बघा ना."

*

आता शेवटचा. हा मी चहाच्या टपरीवर सांगत नाही.

गेल्या वर्षी वादळाचा इशारा आला, तेव्हा मी किरकोळ दुरुस्तीसाठी त्या बिल्डिंगवरच होतो. सकाळपासून आभाळ काळंभोर, माड आताच वाकायला लागलेले. मागचं वादळ लोकांच्या अंगात अजून आहे, त्यामुळे सगळे धास्तावलेले. दुपारी ग्रामसेवक कोळीवाड्यातली पन्नासएक माणसं घेऊन बिल्डिंगखाली आला. पोरंबाळं, म्हाताऱ्या, बोचकी.

"सुपरवायझर, तुमची बिल्डिंग पक्की आहे. कौलांखाली नको, ह्यांना इथेच ठेवू."

तेवढ्यात बाई खाली आल्या. म्हणाल्या, "वर आणा सगळ्यांना. माझं घर आहे की!" त्यांनी पलंग भिंतीला सारला, चटया अंथरल्या, मोठ्या पातेल्यात खिचडीचं आधण ठेवलं. पहिल्या वीसेक बाया-पोरं आत बसलीसुद्धा. एवढं आनंदी मी बाईंना कधीच पाहिलं नव्हतं.

बाकीच्यांसाठी रिकाम्या फ्लॅटच्या चाव्या हव्या होत्या. त्या कुठे आहेत ते विचारायला मी शेठना फोन लावला. बाहेर वारा एवढा की ऐकू येईना, म्हणून बाईंच्या स्वयंपाकघरात गेलो आणि फोन स्पीकरवर टाकला.

"पागल झालास का?" शेठ ओरडले. "त्या बिल्डिंगमध्ये पन्नास माणसं? शाळेत ने त्यांना! आत्ताच्या आत्ता खाली कर! काही झालं तर मी आत जाईन!"

मी म्हटलं, "शेठ, इथे जाधव बाई राहतात."

"त्यांनी पझेशनवर सही केलीय ना? मग त्यांचं त्या बघतील."

फोन कट झाला. बाई गॅसपाशी उभ्या होत्या, हातात तांदळाचं भांडं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं. गॅस बंद केला. बाहेर जाऊन बायकांना शांतपणे सांगितलं, "चला, आपण सगळे शाळेत जातोय. पोरांचे हात धरा." एकेकाला जिन्यावरून उतरवलं, भिंतीला हात न लावता.

सगळे उतरल्यावर दाराशी आम्ही दोघंच राहिलो. चौथीच्या वर्गात विचारायच्या तसंच, आवाज न चढवता त्यांनी विचारलं,

"सुधीर, तुला कधीपासून माहीत होतं?"